असॅसिन्स क्रीड ओडिसी: एवढा मोठा ग्रीस खेळायचा तरी कसा?

जुनाट_जॉयस्टिक

सेल लागला की ओडिसी घेणाऱ्यांची एक नवी तुकडी येते, आणि पंधरा-वीस तास खेळून झाले की "कंटाळा यायला लागलाय, पुढे काही आहे का?" असं विचारत फिरते. दर वेळी तेच टंकण्यापेक्षा एकदाचा धागा काढतो. खेळून संपवलेले, अर्ध्यात सोडलेले, नुसता बघून वैतागलेले, सगळ्यांनी मतं टाका. कथेतलं काही फोडणार असाल तर वर 'स्पॉयलर' लिहा, एवढीच विनंती.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. युबिसॉफ्टच्या क्वेबेक स्टुडिओने केलेला हा गेम ऑक्टोबर २०१८ मध्ये आला. काळ इ.स.पू. ४३१ चा, अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातलं पेलोपोनेशियन युद्ध नुकतंच पेटलेलं. कसँड्रा किंवा तिचा भाऊ अलेक्सिऑस यांपैकी एकाला घेऊन खेळायचं. नायिका म्हणजे स्पार्टाचा राजा लिओनिडास याची नात. लहानपणी टायगेटसच्या कड्यावरून खाली टाकलेली, तरी वाचलेली, हातात आजोबांच्या मोडक्या भाल्याचं टोक, आणि केफलोनिया बेटावर पैसे घेऊन मारामाऱ्या करणारी. पुढे हरवलेली आई, बदललेला भाऊ, एक गुप्त पंथ आणि अख्खा एजियन समुद्र.

माझं मत सांगतो. कथा बरी आहे, लढाई मजेची आहे, पण या गेममध्ये खरा ऐवज आहे तो भूगोल. शाळेत ग्रीसची 'नगरराज्यं' पाठ केली होती. इतकी चिमुकली राज्यं एकमेकांना खेटून का राहिली असतील हे इथे घोड्यावरून जाताना कळतं. प्रत्येक खोरं डोंगराने बंद. पलीकडच्या खोऱ्यात जायला खिंड शोधा नाहीतर चढा. उलट पिरेअसच्या बंदरातून जहाज काढलं की बेटामागून बेट लागत जातं आणि वाटेत कुणी आडवं येत नाही. ग्रीकांचा हमरस्ता समुद्र होता, हे नकाशात बघून नाही समजत.

अथेन्सपासून पिरेअसपर्यंतच्या लांब भिंतींवर एकदा चढून चाला. एका बाजूला अॅटिकाची, म्हणजे अथेन्सभोवतालच्या मुलखाची शेतं, तिथे स्पार्टाचं सैन्य. दुसऱ्या टोकाला बंदर, तिथे धान्याची जहाजं. अथेन्सचा नेता पेरिक्लिस, त्याचा सगळा डाव एवढाच होता: शेतं जळू द्या, आपण भिंतीच्या आत बसू आणि समुद्रावरून खाऊ. हे युद्ध सत्तावीस वर्षं का चाललं याचं अर्धं उत्तर त्या भिंतीवर उभं राहिलं की समोर दिसतं.

म्हणून माझा सल्ला: सुरुवातीला विचारतो तेव्हा 'एक्स्प्लोरेशन' मोड निवडा. त्यात बाण दाखवून नेत नाहीत. "फोकिसमध्ये, डेल्फीच्या पश्चिमेला, नदीकाठी" असं काहीतरी सांगतात आणि तुम्ही शोधायचं. नकाशावरच्या प्रश्नचिन्हांकडे ढुंकूनही पाहू नका.

—

पेठेतला_स्पार्टन

भूगोल वगैरे कबूल. पण जॉयस्टिकराव, तुम्ही मुख्य दुखणं अलगद बाजूला ठेवलंत.

नुसती मुख्य कथाच चाळीस-पंचेचाळीस तासांची आहे. तीही सलग खेळू देत नाहीत. कथा ऐन रंगात येते आणि पुढचं मिशन तुमच्यापेक्षा चार लेव्हल वर. मग काय, जा आणि कुणाच्या तरी चोरलेल्या मेंढ्या सोडवून आणा. लग्नाच्या पंगतीत पानावर हात आडवा धरला तरी वाढपी जिलबी टाकून जातो ना, तसं आहे हे. एक छावणी साफ केली की शेजारी दुसरी, तिच्यात तोच सेनापती, त्याच दोन पेट्या, तोच जाळायचा धान्यसाठा.

आणि यावर कहर म्हणजे दुकानात खऱ्या पैशांनी मिळणारा कायमचा एक्सपी बूस्टर, म्हणजे लेव्हल भराभर वाढवून देणारी सोय! आला तेव्हाच जगभर बोंबाबोंब झाली होती. आधी रस्त्यात दगड टाकायचे, मग ते उचलायचे पैसे मागायचे. त्याशिवायही गेम पूर्ण होतो हे खरं आहे, मी केलाय. पण तो पर्याय मेन्यूत दिसत राहतो तोवर 'ही मेंढ्यांची कामगिरी कथेसाठी घातली की बूस्टर खपवण्यासाठी?' हा संशय जात नाही.

—

लॅग_झालेला

स्पार्टन किक. विषय संपला.

माणूस कड्याच्या टोकाला उभा असावा, आणि आपल्याकडे किक चार्ज झालेली असावी. अजून काय पाहिजे आयुष्यात?

—

खेकडा_तिरपा

@पेठेतला_स्पार्टन, मेंढ्यांचं चालवून घेतो हो. मला खुपतं ते युद्ध.

युद्धावरचा गेम, आणि त्यात युद्धाला काडीची किंमत नाही. प्रत्येक प्रांत कुणाच्या तरी ताब्यात असतो. तुम्ही रसद जाळायची, खजिना लुटायचा, नेत्याला मारायचा, मग 'कॉन्क्वेस्ट' लढाई. शेकडो माणसांच्या गर्दीत शिरून कप्तान टिपायचे, वरची पट्टी भरली की जिंकलात. समजा मेगारिस प्रांत अथेन्सचा झाला. अर्ध्या तासाने स्पार्टाकडून भाडं घेऊन तेच मेगारिस परत स्पार्टाला मिळवून द्या. कुणी विचारत नाही. गावातल्या बाईचं बोलणं बदलत नाही, बाजार बदलत नाही, फक्त झेंडे आणि शिपायांचे अंगरखे निळ्याचे लाल होतात.

भाडोत्री सैनिकाला कोणाचं सोयरसुतक नसतं, हा बचाव मी ऐकलाय. पण मग त्याची झळ निदान रस्त्यावरच्या लोकांना तरी लागलेली दाखवा.

आणि वैताग याचा की यांना हे जमतं! स्पॉयलर, पण सुरुवातीचाच आहे: केफलोनियावर 'ब्लड फीव्हर' नावाची एक छोटी कामगिरी आहे. गावात साथ आलीय, पुजारी रोगी कुटुंबाला मारायला निघालाय. ते कुटुंब गयावया करतं. मी अर्थातच त्यांना सोडलं, दोन चांगली वाक्यं ऐकली, पुढे निघून गेलो. पुष्कळ नंतर त्या बेटावर परत गेलो तर सगळीकडे प्रेतं आणि धूर. साथ अख्ख्या बेटावर पसरली होती. कुठे पाटी नाही, 'तुमच्या निर्णयाचा परिणाम' वगैरे घंटा नाही. असं आणखी पाच ठिकाणी केलं असतं तर मी या गेमला डोक्यावर घेतलं असतं.

—

अबोली७

ब्लड फीव्हरला +१. मी पण सोडलं होतं त्यांना 😑

मला मात्र राक्षस आवडले. मेडुसा, मिनोटॉर, सायक्लॉप्स, स्फिंक्स. स्फिंक्स तर लढतच नाही, कोडी घालते. उत्तर चुकलं की खेळ खलास. मेडुसा लेस्बॉस बेटावर ठेवलीय आणि आसपास दगड झालेली माणसं. नंतर वाचलं की लेस्बॉसवर खरोखरच दगड झालेलं जंगल आहे! ज्वालामुखीच्या राखेत गाडली जाऊन दगड झालेली झाडं, सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीची. म्हणजे राक्षसीण कुठे बसवायची हे ठरवणाऱ्या माणसाने अभ्यास केला होता.

बाकी कथेच्या आजच्या काळातल्या चौकटीतली ती लायला मध्येमध्ये येते, तिचं काय करायचं ते मला कळलेलं नाही. येते, बोलते, जाते.

—

मास्तर_इतिहास

धागा उत्तम. थोडं लांबलचक लिहितो, सवयीचा परिणाम.

गेमला इतिहासाच्या परीक्षेला बसवू नये हे मान्य. पण या मंडळींनी बारीक गोष्टींत घेतलेली मेहनत आणि मोठ्या गोष्टींत घेतलेली मोकळीक, दोन्ही सांगण्याजोगं आहे.

आधी कौतुक. देवळं आणि पुतळे रंगीत आहेत. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात ग्रीस म्हणजे पांढरंशुभ्र संगमरवर बसलंय, कारण रंग उडून गेल्यावरचेच पुतळे आपण संग्रहालयांत पाहतो. मूळचे पुतळे लाल-निळ्या-सोनेरी रंगांनी मढवलेले असत. गेममधलं अॅक्रोपोलिस म्हणूनच पहिल्यांदा डोळ्यांना भडक वाटतं. वाटू द्या. पार्थेनॉन हे अथेनाचं देऊळ म्हणजे तेव्हा जुने अवशेष नव्हते, त्याचं शिल्पकाम इ.स.पू. ४३२ च्या सुमाराला नुकतंच आटोपलेलं होतं. कोऱ्या, महागड्या, वादग्रस्त सरकारी बांधकामासारखंच लोक त्याच्याकडे बघत असणार.

दुसरं, स्पार्टा. खेळताना अनेकांची निराशा होते: एवढीच? ना तट, ना भव्य देवळं, वाड्या-वस्त्या जोडल्यासारखं गाव. पण ते अगदी बरोबर आहे. स्पार्टाला त्या काळी तटबंदीच नव्हती. या युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्या थ्युसिडिडीसने नोंदवून ठेवलंय की उद्या हे शहर ओसाड पडलं तर नुसते अवशेष बघून पुढच्यांना याचं सामर्थ्य पटणार नाही, आणि अथेन्सचे अवशेष पाहून ते होतं त्याच्या दुप्पट वाटेल.

आता मोकळीक. स्पॉयलर सुरू. अथेन्सची साथ इ.स.पू. ४३० मध्ये आली. लांब भिंतींच्या आत खेड्यापाड्यांतली माणसं कोंबलेली, पाणी अपुरं, उन्हाळा. जॉयस्टिकरावांनी सांगितलेल्या त्याच डावाने हा घात केला. थ्युसिडिडीस स्वतः त्या साथीत आजारी पडून बरा झाला, त्यामुळे त्याचं वर्णन अंगावर येतं. पेरिक्लिस ४२९ मध्ये गेला, बहुधा साथीनेच. गेममध्ये मात्र त्याचा गळा चिरला जातो, तोही पार्थेनॉनच्या आवारात. नाट्यमय आहे, पण मला तिथे चुकचुकल्यासारखं झालं. ज्याच्या धोरणाने शहर भिंतीआड गेलं, तोच भिंतीआडच्या रोगाने जातो, याहून मोठं नाट्य कुठला लेखक रचणार होता? ते आयतं हाताशी होतं, आणि यांनी खलनायकाच्या हातात सुरी दिली.

दुसरी तक्रार पेरिक्लिसची सहचारिणी अस्पाशिया हिच्याबद्दल. पुढे मोठा स्पॉयलर, गेम संपवला नसेल त्यांनी थेट खालचा प्रतिसाद गाठा. गुप्त पंथाची म्होरकी तीच निघते. आता ही बाई मिलेटसहून आलेली, अथेन्समध्ये परकी. पेरिक्लिसच्याच ४५१ च्या कायद्याने आई-बाप दोघं अथेनियन असतील तरच मुलाला नागरिकत्व, म्हणजे तिचा मुलगा त्याच कायद्याने बाहेर. पेरिक्लिसची आधीची दोन्ही मुलं साथीत गेल्यावर अपवाद म्हणून त्याला आत घेतलं. या बाईला तिच्या हयातीतच विनोदी नाटककारांनी झोडपलं. हे युद्ध तिच्यामुळे लागलं असा टोमणा अॅरिस्टोफेनीसने ४२५ च्या नाटकात मारलाय. 'पडद्यामागून सूत्रं हलवणारी बाई' ही त्या काळच्या टवाळांनी उठवलेली हाकाटी. अडीच हजार वर्षांनी गेमने तीच उचलून कथेचा कळस केला. तिचं पात्र लिहिलंय सुरेख, बोलते छान, म्हणून जास्त खटकलं.

गुलामगिरीबद्दलही गेम फार गुळमुळीत बोलतो. लॉरिऑनच्या चांदीच्या खाणींवर अथेन्सचं आरमार उभं राहिलं आणि त्या खाणी गुलामांनी खणल्या. गेममध्ये खाण आहे, चांदीही आहे, पण तिथून बाहेर पडताना मनावर काही ओरखडा उठत नाही.

—

पेठेतला_स्पार्टन

मास्तर, प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका राव.

अस्पाशियाबद्दल असं कधी डोक्यात आलं नव्हतं. मला तर तो शेवट 'ठीक आहे, कुणीतरी म्होरक्या हवाच' असा वाटला होता.

—

तिसरी_घंटा

नाटकवाली आहे, त्यामुळे आवाजावर बोलते.

ज्यांनी अलेक्सिऑस घेतलाय त्यांनी कृपा करून एकदा कसँड्रा घेऊन बघा. मेलिसांथी माहुत या अभिनेत्रीने जो आवाज दिलाय त्यात थट्टा, थकवा, चीड, लाड, सगळं एका वाक्यात येऊन जातं. संवाद दोघांनाही जवळपास तेच, पण अलेक्सिऑसच्या तोंडून जे फुशारकीसारखं ऐकू येतं ते तिच्या तोंडून मिश्कील होतं. जहाजाचा कप्तान बार्नाबास तिच्याकडे पाहून 'देवांनीच पाठवली' म्हणत भारावतो, तेव्हाची तिची "बरं बरं, चला आता" छाप शांतता ऐका.

कंपनीच्या अधिकृत कथेत तीच खरी नायिका आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. २०२० मध्ये बातमी आली होती की निर्मात्यांना एकटी कसँड्राच ठेवायची होती, पण बाई नायिका असेल तर गेम खपत नाही असं वरून सांगण्यात आलं, म्हणून पर्याय आला. नंतर डिसेंबर २०२१ मध्ये याच मालिकेतल्या 'वल्हाला' या पुढच्या गेमशी जोडलेली छोटी कथा आली, तिच्यातही कसँड्राच.

आणि ऑलिम्पिकचा भाग! स्पार्टाचा मल्ल टेस्टिक्लीस दारू पिऊन समुद्रात पडतो, शार्क त्याला खातो, आणि त्याच्या जागी कसँड्रा पँक्रेशनला, म्हणजे ठोसे-लाथांसकटच्या कुस्तीला उतरते. हसून हसून पुरेवाट. खऱ्या ऑलिंपियात लग्न झालेल्या बाईला नुसतं बघायला बसायचीही बंदी होती.

आता राग. स्पॉयलर. मुख्य गेममध्ये तुम्ही कुणावरही प्रेम करा, बाईवर, पुरुषावर, कुणावरच नको, सगळं चालतं. आणि 'लेगसी ऑफ द फर्स्ट ब्लेड' या जोडकथेच्या दुसऱ्या भागात तुम्ही काहीही उत्तर दिलंत तरी कसँड्राचा संसार थाटला जातो आणि मूल होतं. का, तर वंश पुढे चालायला हवा. जानेवारी २०१९ मध्ये यावर इतकी ओरड झाली की निर्मात्यांना माफी मागावी लागली, त्या टप्प्यावर मिळणाऱ्या ट्रॉफीचं 'ग्रोइंग अप' हे नावसुद्धा बदललं. म्हणजे आधीचं आयुष्य पोरकटपणा आणि मूल झालं की मोठी झाली! शेकडो प्रसंगांत 'तू ठरव' म्हणायचं आणि नेमकं या प्रसंगात ठरवून मोकळं व्हायचं. मी ती जोडकथा तिथेच बंद केली.

—

जुनाट_जॉयस्टिक

@तिसरी_घंटा, आवाजाबद्दल शंभर टक्के सहमत. जोडकथांपैकी अटलांटिसवाली मात्र घ्या. त्यातल्या एलिझियमची, म्हणजे ग्रीकांच्या स्वर्गाची नुसती दृश्यंही पैसे वसूल करतात.

@खेकडा_तिरपा, युद्धाचं म्हणणं मान्य. फक्त दोन ठिकाणी युद्ध अंगावर येतं असं मला वाटलं, पायलॉस आणि अँफिपोलिस. पायलॉसचं ते जळतं रान.

—

मास्तर_इतिहास

पायलॉसचा उल्लेख आला म्हणून राहवत नाही. इ.स.पू. ४२५ मध्ये तिथल्या स्फॅक्टेरिया बेटावर स्पार्टाची माणसं अडकली आणि २९२ जण जिवंत शरण आले, त्यांत सुमारे १२० अस्सल स्पार्टन. स्पार्टन मरतील पण शस्त्र टाकणार नाहीत, अशी ख्याती. ग्रीसभर लोकांना विश्वास बसेना. थर्मोपिलीची दंतकथा या बेटावर फुटली. आणि गेमची सुरुवातच थर्मोपिलीच्या लढाईने होते, ४८० मध्ये, लिओनिडास होऊन तुम्ही लढता! ही दोन टोकं कुणीतरी संवादात जोडायला हवी होती. गेममध्ये तिथे भावंडांचं भांडण मोठं होतं आणि शरणागती कुठल्या कुठे राहते.

अँफिपोलिसला ४२२ मध्ये स्पार्टाचा सेनापती ब्रासिडास आणि अथेन्सचा क्लिऑन दोघेही एकाच लढाईत पडले, हे मात्र खरं. पुढच्या वर्षी तह झाला. कथेला थांबायला याहून चांगली जागा नव्हती.

गंमत म्हणजे हेच अँफिपोलिस आधी अथेन्सच्या हातून गेलं तेव्हा मदतीला उशिरा पोचलेला सेनापती थ्युसिडिडीस होता. त्याला त्याबद्दल हद्दपार केलं. म्हणून त्याला इतिहास लिहायला वीस वर्षं मिळाली.

—

निनावी_नंदी

हे सगळं ठीक, पण हा असॅसिन्स क्रीड आहे का? ना मारेकऱ्यांचा (असॅसिन्सचा) पंथ, ना टोपीवाला अंगरखा, ना मनगटातली सुरी. झुडपात लपून, मागून जाऊन, मानेत भाला खुपसला तरी समोरचा 'आई गं' म्हणून उठतो आणि ढाल काढतो, कारण त्याची लेव्हल जास्त. हे बघून मी गेम काढून टाकला. ज्या मालिकेची सगळी मजा 'एक वार, काम तमाम' यात होती तिचं असं व्हावं?

—

लॅग_झालेला

मालिकेचं नाव झाकून खेळा हो. मी तर पंथ वगैरे काय भानगड आहे ते न कळताच खेळलो. भाल्याचे तुकडे लावून 'क्रिटिकल असॅसिनेशन' वाढवत नेलं की मोठे मोठे गडीही एका घावात जातात. फक्त अंगावरचं सामान मारेकऱ्याच्या आकड्यांचं हवं, योद्ध्याचं नको.

सामानाबद्दल पण बोला कुणीतरी. दर दोन मिनिटांनी नवी चप्पल.

—

पेठेतला_स्पार्टन

@निनावी_नंदी, मारेकऱ्यांचा पंथ असणार कुठून? मालिकेतल्या याच्या आधीच्या 'ओरिजिन्स' गेममधली त्याची स्थापनाच क्लिओपात्राच्या काळातली, म्हणजे याच्या जवळजवळ चारशे वर्षं नंतरची. पण तक्रार समजते. ओरिजिन्स (२०१७) मला अजूनही जास्त आवडतो. त्याचा नायक बायेक, त्याला मुलगा गमावल्याचं दुःख आहे, त्यामुळे तो कुठेही गेला तरी कथेचा दोर हातात राहतो. कसँड्रा गमतीशीर आहे, पण आई सापडायची बाकी असताना अथेन्सच्या रंगेल अल्किबियाडीससाठी तेलाची बुधली घेऊन फिरते.

—

तिसरी_घंटा

तेलाच्या बुधलीला काही म्हणायचं नाही!! पेरिक्लिसच्या घरची ती मेजवानी हा अख्ख्या गेममधला सर्वांत छान लिहिलेला प्रसंग आहे. एका खोलीत सॉक्रेटिस उलटे प्रश्न विचारून डोकं उठवतोय, दुसरीकडे नाटककार अॅरिस्टोफेनीस बोलायचा थांबत नाही, दुसरा नाटककार युरिपिडीस बोलत नाही, आणि दाराआड अल्किबियाडीसचा वेगळाच कार्यक्रम. युद्ध नाही, पंथ नाही, नुसती माणसं. असं पात्रलेखन पाहिजे.

—

सातासमुद्रापार

म्युनिकहून. हा गेम खेळून आम्ही दोघं ग्रीसला गेलो, म्हणून उपयोगाचं तेवढं सांगतो.

जागा ओळखू येतात. डेल्फीला पार्नासस डोंगराच्या उतारावर उभं राहून खाली बघितलं की ऑलिव्हच्या झाडांचा दाट पट्टा थेट खाडीपर्यंत जातो, गेममध्ये अगदी तस्साच. बायको म्हणाली, "इथून उडी मारली तर खाली गवताची गंजी आहे का बघ."

अंतर मात्र सोडून द्या. अथेन्स ते डेल्फी गाडीने अडीच तास लागतात, गेममध्ये घोडा काही मिनिटांत नेतो. डोंगर उभे ताणलेत, मैदानं आवळलीत. त्यामुळे जॉयस्टिकरावांच्या भूगोलाला एक पुस्ती: दिशा आणि चढउतार खरे, मैल खोटे.

आणि केफलोनियावर झ्यूसचा तो डोंगराएवढा पुतळा शोधायला जाऊ नका. तो कधीच नव्हता. तसले बहुतेक महाकाय पुतळे कल्पनेतले आहेत, ऑलिंपियातला फिडियासचा झ्यूस आणि पार्थेनॉनमधली अथेना तेवढे खरे होते, आणि तेही आता नाहीत.

—

मास्तर_इतिहास

छान पुस्ती. मारामारी नको असेल त्यांच्यासाठी 'डिस्कव्हरी टूर' आहे, सप्टेंबर २०१९ पासून. तोच नकाशा, शत्रू नाहीत, हिरोडोटस, अस्पाशिया वगैरे मंडळी वाटाड्या होऊन माहिती सांगतात आणि शेवटी प्रश्न विचारतात. नववीच्या मुलांना मतदानाची जागा, अगोरा (बाजारचौक), भांडी भाजायची भट्टी हे सगळं दाखवलं. "सर, आता मारायचं कधी?" हा प्रश्न आलाच.

—

अबोली७

अवांतर: असं काही सातवाहनांवर का नाही करत कोणी? नाणेघाटातून घोडा उतरवायचा, जुन्नरला जकात, सोपाऱ्याहून गलबत, पैठणला राजवाडा. कार्ल्याच्या लेण्यांत खांबांना दान देणाऱ्यांत 'यवन' आहेतच, म्हणजे हे ग्रीकही आणता येतील!

—

पेठेतला_स्पार्टन

अवांतराला अवांतर: पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ आहे हे माहीत आहे ना? 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा नवा अवतार २०२० मध्ये पुणे-मुंबईच्या स्टुडिओंकडून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये काम माँट्रियलला गेलं. त्यामुळे नाणेघाटाची घाई नको.

त्यापेक्षा पुण्याच्याच नॉडिंग हेड्सचा 'राजी' (२०२०) खेळा. लहान टीम, पाच-सहा तासांचा गेम, पण काय देखणा! आणि संपतो, हा त्याचा मोठा गुण.

—

खेकडा_तिरपा

सातवाहनांच्या गेममध्येही जुन्नर सकाळी नहपानाचं आणि दुपारी गौतमीपुत्राचं होणार असेल, नुसत्या झेंड्यांचे रंग बदलून, तर मला नको 😄

—

नवखा_गडी

सगळं वाचलं, स्पॉयलर सोडून (एक चुकून वाचला, असो). कालच डाउनलोड झाला. तीन शंका:

१. ओरिजिन्स आधी खेळायलाच हवा का?
२. जुना लॅपटॉप आहे, चालेल का?
३. ते फोकिसमधलं रानडुक्कर मरतच नाही असं भाऊ म्हणतो.

—

लॅग_झालेला

१. नाही. कथा वेगळी, काळ वेगळा.

२. सेटिंगमध्ये ढगांचा आणि सावल्यांचा दर्जा खाली आणा, सगळ्यात जास्त फरक तिथे पडतो. रिझोल्यूशन शेवटी कमी करा. अथेन्स शहरात शिरलं की अडखळणारच, तिथे धीर धरा. आणि डिस्कवर भरपूर जागा मोकळी ठेवा.

३. मरतं. घाई करून गेलात तर तुम्ही मरता. त्याच्यापेक्षा एक-दोन लेव्हल वर जाऊन मगच भिडा. ते पिल्लं बोलावतं, आधी पिल्लं संपवा. मग विषारी धूर सोडतं, तेव्हा जवळ थांबू नका, बाजूला लोळा आणि लांबून बाण. धावत आलं की शेवटच्या क्षणी चुकवा, वेळ मंदावते, तेवढ्यात दोन-तीन वार. 'सेकंड विंड' ही तब्येत भरून काढणारी कला आधी घेऊन ठेवा, नाहीतर नका जाऊ.

आणि नाही, डुकराला किक मारून काही होत नाही. मारून बघितलंय.